एका आढ्याखाली

सोमवार, ३ एप्रिल

आज छपराचं काम ठरलं, म्हणून ही वही उघडली. पुढेमागे कोणाला घराचं छप्पर बदलायचं झालं, तर एका अनुभवी माणसाचं मार्गदर्शन हाताशी असावं, एवढाच हेतू. माझी शाळा सातवीत सुटली. त्यापुढचं सगळं मी वाचून आणि खोलून शिकलो. सायकलींचं दुकान म्हातारा होईपर्यंत चालवलं. जी वस्तू खोलता येते ती समजते, असा माझा अनुभव आहे. छप्पर तरी त्याला अपवाद कसं असेल?

आधी घराचं सांगतो. वडिलांनी बांधलेलं लांबलचक कौलारू घर, मधोमध एक भिंत. भिंतीच्या डावीकडे मी आणि ही. उजवीकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी. दोन्हीकडची मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. भिंतीच्या या बाजूचं त्या बाजूशी बोलत नाही. कारण अगदी क्षुल्लक. त्याने मला न विचारता आपल्या निम्म्या घराला पोपटी रंग दिला, तोही पुढच्या मधल्या खांबाच्या बरोबर अर्ध्यापर्यंत. मी एवढंच म्हणालो की सर्कशीचा तंबू आला वाटतं. चार माणसांत म्हणालो, हे खरं. पण बोलणं त्याने बंद केलं. मी काही बंद केलं नाही, मी फक्त त्यानंतर बोललो नाही.

गेल्या पावसात माझ्या उशीवर धार लागली. यंदा कौलं काढून पत्रे घालायचे, असं ठरवलं. ठेकेदार आज येऊन बघून गेला. गडी उमदा आहे. दर वाक्याला "फिकर नॉट, काका!" म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव फिकर नॉट ठेवलं. वर न चढता, खालूनच मान वर करून त्याने सगळा अंदाज सांगितला. याला म्हणतात नजर!

"पलीकडे कोण राहतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. नेमका तेव्हाच धाकटा पलीकडे खाकरला.

फिकर नॉट हसला. म्हणाला, "मग तर बरंच आहे, काका."

बुधवार, ५ एप्रिल

उचल दिली. निम्म्याहून थोडी जास्तच दिली, म्हणजे माणूस मनापासून काम करतो.

फिकर नॉट हळूच कानाशी लागला, "काका, खरं तर सांगू नये, पण धाकट्या काकांनीही मला बोलावलंय. त्यांनाही पत्रेच घालायचेत. पण मी म्हटलं, आधी मोठ्यांचं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यभर हा पठ्ठ्या माझ्या पुढे. शाळेत पुढे, सरकारी कचेरीत खुर्ची, रंगसुद्धा आधी. या वेळी मात्र मोठ्याचं आधी!

हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्यांनाही तो हेच सांगत असेल."

"तुला काय माहीत?"

"अंदाज," म्हणाली आणि धुतलेले कपडे घेऊन मागच्या अंगणात गेली. हल्ली तिला कपडे वाळत घालायला फार वेळ लागतो. दोन माणसांचे कपडे ते किती! तिथे एकटीच काहीबाही बोलतही असते. वय झालं, दुसरं काय. मी काही बोलत नाही, तिला वाईट वाटायचं.

मंगळवार, ११ एप्रिल

कौलं उतरली! फिकर नॉटची माणसं सकाळी आली. त्यांच्यात लांब्या म्हणून एक ताडमाड कामगार आहे, तो एकटाच अर्धं छप्पर खाली आणतो. फिकर नॉट खाली खुर्चीत बसून "सांभाळून रे" म्हणत होता आणि चहा पीत होता. स्वयंपाकघरावरची कौलं तेवढी ठेवली आहेत. आठ दिवस आम्ही दोघं तिथेच मुक्काम ठोकणार. आठ दिवसांचाच प्रश्न आहे.

बाकी घरात बसून आकाश बघायला मजा येते. हिला म्हटलं, "श्रीमंत लोक यासाठी पैसे मोजतात."

ही म्हणाली, "आपणही मोजलेच आहेत."

बुधवार, १२ एप्रिल

आज त्याचीही कौलं काढली. नक्कल! दुसरं काय करता येतं त्याला?

शुक्रवार, १४ एप्रिल

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ज्यांना छप्पर काढायचं आहे त्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नाही. ती माणसाच्या डोक्यावर हातभर जाते आणि थांबते. तिच्या वर फळ्या ठोकलेल्या होत्या, त्या कौलांबरोबर निघाल्या. आता भिंतीच्या वर नुसतं आढं आहे, म्हणजे छपराच्या कण्यासारखं ते मधलं लांब लाकूड, इकडून तिकडे गेलेलं. आढ्याखालून सगळं आरपार ऐकू येतं. धाकटा चमच्याने साखर ढवळतो तेही. तो घोरतो. मी घोरत नाही, निदान मला तरी कधी ऐकू आलेलं नाही.

फिकर नॉटने वर एकच मोठी ताडपत्री टाकून दिली आहे, आढ्यावर मधोमध. "दोघांत एक, काका. दोन दिवसांचा तर प्रश्न." पण वारा विचित्र आहे. रोज दुपारी मी ताडपत्री जराशी आमच्या बाजूला ओढून घेतो, आणि रोज संध्याकाळी ती वाऱ्याने तिकडे सरकलेली असते. इकडे कधीच सरकत नाही.

मंगळवार, १८ एप्रिल

पत्रे आले! लालभडक, एकाला एक लागून अंगणात उभे केलेत. बघून डोळे निवले. फिकर नॉट म्हणाला, "काका, हा माल तुम्हाला शोधून सापडणार नाही."

तो गेल्यावर मी मालाची परीक्षा घेतली. दुकानात मी कुठलीही नवी वस्तू ठोकून बघितल्याशिवाय घेत नसे. हातोडीचा एकच दणका दिला, अगदी बेताचा. वरच्याच पत्र्याला पोचा आला, चांगला बशीएवढा. मी गुपचूप तो पत्रा उलटा करून मागे लावला. हिला सांगितलं नाही. वहीत लिहितोय कारण वही खोटी असू नये.

गुरुवार, २० एप्रिल

पत्रे नेले. त्यांच्या कडा यंत्रावर वाकवून आणायच्या असतात म्हणे, नाहीतर पाणी मागे फिरतं. बरं झालं याला कळतं. दुसरा असता तर तसेच ठोकून मोकळा झाला असता.

सोमवार, २४ एप्रिल

हद्द झाली. सकाळी पुढच्या पायरीवर दात घासत उभा होतो, तर धाकट्याच्या अंगणात पत्रे! लालभडक! आमच्यासारखेच! जगात निळा नाही, राखाडी नाही, हिरवा नाही, नेमका लाल. आणि हा मला सांगत होता की रंग ज्याच्या त्याच्या मनाचा असतो.

तो कचेरीतल्या जुन्या मित्राकडे गेल्यावर मी कुंपणावरून वाकून पाहिलं. आणि माझ्या मनावरचा मोठा धोंडा उतरला. त्यातल्या एका पत्र्यालाही पोचा होता! तस्साच, बशीएवढा, त्याच जागी. म्हणजे दोष कारखान्याचाच आहे. मी उगाच माझ्या हातोडीला बोल लावत होतो.

हिला आनंदाने सगळं सांगितलं, हातोडीसकट. हिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "एकदा जाऊन भावजींशी बोला ना."

"पोच्याबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"मी? त्याने आधी बोलावं."

ही उठून कपडे वाळत घालायला गेली. सकाळचेच कपडे होते. वाळलेले.

शनिवार, २९ एप्रिल

त्याचेही पत्रे कडा वाकवायला नेले. बरं वाटलं. म्हणजे त्यालाही थांबावं लागणार.

जेवताना लोणच्याची एक नवी वाटी दिसली, काठावर निळी फुलं असलेली.

"ही वाटी कुठली गं?"

"जुनीच आहे."

"आणि लोणचं?"

"तेही जुनंच." लोणचं मात्र झकास होतं. आमच्या हिच्या हाताला अशी चव क्वचित येते. तसं मी बोललोही. नेमका तेव्हाच पलीकडे धाकटीला मोठा खोकला आला.

शनिवार, ६ मे

आज फिकर नॉट आला. मी ठरवलं होतं, आज चांगला खडसवायचा. सकाळी आरशासमोर सरावही केला.

"आठ दिवस म्हणाला होतास," मी कडक आवाजात म्हटलं. "महिना होत आला. बसून बोलू. चहा घेणार ना?"

त्याने चहा घेतला, दुसऱ्यांदाही घेतला. मग एकदम आवाज खाली आणला. "काका, काम मी उद्या करतो. अडचण वेगळीच आहे. धाकटे काका म्हणतात, आढ्याला हात लावायचा नाही. आणि आढ्यावरची टोपी, म्हणजे दोन्ही उतार जोडणारा वरचा पत्रा, बसल्याशिवाय दोन्हीकडचे पत्रे टिकत नाहीत. माझे हात बांधलेत हो!"

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "त्याला म्हणावं, आढं काही एकट्याचं नाही."

"मी नाही बोलणार काका, घरात भांडणं लावणं माझ्या स्वभावात नाही. तुम्हीही मी सांगितलं म्हणून सांगू नका." गुणी माणूस. जाताना हिने त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. दाताने दोरा तोडताना हिने तो जरा जास्तच जोरात ओढला, असं मला वाटलं.

तो गेल्यावर मी जागेवरूनच, कोणाला उद्देशून नाही अशा बेताने, मोठ्याने बोललो, "काही माणसांना आढं एकट्याच्या बापाचं वाटतं!"

पलीकडून लगेच, तोही बायकोशी बोलतोय अशा बेताने, "सांग गं त्यांना, बाप एकच होता म्हणावं!"

मी हिला म्हटलं, "सांग त्याला, मग बापाच्या घराचं काम अडवू नये म्हणावं!"

"अडवतंय कोण, विचार!"

"ज्याला कळायचं त्याला कळलंय म्हणावं!"

हिने कणीक मळता मळता शांतपणे विचारलं, "हे सगळं मी ओरडून सांगू, की ऐकू गेलंय त्यांना?" पलीकडे धाकटी फिस्सकन हसली. वेळकाळ कळत नाही या बाईला.

मंगळवार, ९ मे

फिकर नॉट फोन उचलत नाही. फोनवर एक बाई सांगते की माणूस बाहेर आहे. ती बाई फार सज्जन वाटली, मी तिच्याशी बराच वेळ बोललो. ही म्हणाली, ते यंत्र आहे.

आकाश पांढरं झालंय. दिवसभर घाम. सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा जास्त झाली की ती कशी टणक लागते, तशी हवा लागतेय.

फिकर नॉट मला आता हळूहळू समजू लागलाय. त्याची चेन उतरलेली आहे. पायडल जोरात फिरतं, गाडी जागेवरच. पण मनाने वाईट नाही. धाकट्याने अडवलं नसतं, तर एव्हाना काम झालंही असतं.

रविवार, १४ मे

अंग अजून दुखतंय. सगळं लिहून ठेवतो.

दुपारी चारला एकदम अंधारून आलं. पाऊस यायला अजून अवकाश होता, पण त्याला कोण सांगणार. पहिला थेंब माझ्या टकलावरच पडला, आणि मग धोधो. आतल्या खोलीत आमच्या गाद्या, हिची शिवणयंत्राची पेटी, वडिलांचा फोटो, माझी हवाभरणीची सगळी जुनी हत्यारं. मी शिडी लावली. ही खालून ओरडत होती, "उतरा, या वयात हाडं मोडून घ्याल!" पण ताडपत्री पलीकडे होती, वाऱ्याने नेलेली. मी भिंतीवर चढलो, टोक धरलं आणि ओढायला लागलो.

ताडपत्री येईना. मी आणखी जोर लावला. तिकडूनही कोणीतरी जोर लावला. मला वाटलं खिळ्याला अडकली असेल. मी हासडून एक शिवी दिली. खिळ्याने मला उलट शिवी दिली.

मान वर केली, तर पलीकडच्या शिडीवर, भिंतीच्या त्या कडेला, हातभर अंतरावर धाकटा. चष्म्यावरून पाणी गळतंय, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात ताडपत्रीचं दुसरं टोक.

किती वर्षांनी इतक्या जवळून बघितला. म्हातारा झालाय.

"ओढू नकोस, फाटेल!" मी म्हटलं.

"तूच सोड ना, दादा!"

"माझ्या गाद्या भिजतायत!"

"आणि माझा दिवाणखाना काय बाथरूम आहे?"

तेवढ्यात मधोमध टर्रकन आवाज झाला. ताडपत्री फाटली. निम्मी त्याच्या हातात, निम्मी माझ्या. आम्ही दोघं आपापला तुकडा धरून तसेच भिजत बसलो. मग तो म्हणाला, "आढ्याला हात लावू दिला असतास, तर आज ही वेळ आली नसती."

"मी?" मी किंचाळलोच. "तू अडवलंस! तू!"

"मी कशाला अडवीन? तो फिकरवाला म्हणाला, मोठे काका अडवतात!"

पाऊस पडतच होता. मग धाकट्याने चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तसाच परत घातला आणि विचारलं, "दादा, तुझ्याकडे पत्रे आले होते?"

"आले ना. लाल. मग कडा वाकवायला नेले."

"माझेही कडा वाकवायला नेले." त्याने डोक्यावरची पिशवी सारखी केली. "माझ्या एका पत्र्याला पोचा होता बघ. मी त्याच्याशी भांडलो, खराब माल देतोस म्हणून."

मी पायाखालची शिडी नीट आहे का ते बघितलं. शिडीवर माणसाला फार बोलू नये असं वाटतं.

खालून ही ओरडली, "झालं का बोलून? झालं असेल तर दोघं खाली उतरा आणि गाद्या उचला!" आणि काय आश्चर्य, धाकटी आमच्या घरात होती! आमच्या गाद्यांचं दुसरं टोक धरून हिच्याबरोबर स्वयंपाकघराकडे निघाली होती. संकटात माणुसकी जागी होते ती अशी. बिचारीला आमच्या घरातलं काही ठाऊक नसताना नेमकी कोरडी चादर कुठल्या फडताळात असते ते कसं कळलं, देव जाणे.

सोमवार, १५ मे

आज आमच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. चौघं. धाकट्याने सगळा हिशेब कागदावर मांडायला घेतला, कचेरीची सवय. मी म्हटलं, कागद ठेव बाजूला, मला सांग त्या माणसाने तुला काय काय सांगितलं.

एकूण एक तेच. "आधी तुमचं, काका." "मोठ्यांना सांगू नका, काका." "घरात भांडणं लावणं माझ्या स्वभावात नाही, काका." माल एकाच घराचा, उचल दोन घरांची. आणि तो एका घराचा मालही आता आणखी कुठल्या तिसऱ्याच्या अंगणात उभा राहून कोणाचे डोळे निववत असेल.

"आपण एकमेकांना विचारणार नाही, यावरच त्याचं सगळं काम चाललं होतं," धाकटा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

"तू कधी?"

ही मध्ये पडली. "पुढचा पाऊस यायच्या आत डोक्यावर छप्पर हवंय. भांडण नंतर करा, घरात बसून, कोरड्या जागी."

पेच असा की तो फोन उचलत नाही. धाकटा नोटीस पाठवू म्हणतो. मी त्याच्या दारात जाऊन बसू म्हणतो. धाकटी हळूच म्हणाली, "दादा, त्यापेक्षा ताईंनी फोन केला तर? माझ्या बहिणीलाही छप्पर घालायचंय, म्हणून."

"तुझी बहीण तर तिसऱ्या मजल्यावर राहते ना?" धाकटा म्हणाला.

"त्याला कुठे माहीत आहे?"

हिने लगेच फोन लावला, आणि तिचा आवाज असा काही मऊ झाला की माझ्या लग्नाच्या वेळचा आठवला. तो परवा येतोय.

बुधवार, १७ मे

आला. नवं कोरं हास्य घेऊन आला. मला आणि धाकट्याला एका बाकावर बसलेलं बघून ते हास्य जरा सुकलं.

"वा! दोघं काका एकत्र! बघून बरं वाटलं."

"तुझ्यामुळेच," धाकटा म्हणाला. "तू म्हणालास ना, आढ्यावरून अडलंय. आम्ही दोघांनी ठरवलं, आढं तुझ्या हवाली. वर जा आणि टोपीचं माप घेऊन टाक."

"लांब्या घेईल ना माप."

"लांब्याचं माप नको. तुझी नजर हवी," मी म्हटलं. मनापासूनच म्हटलं, सवयीने.

बायका बघत होत्या, म्हणून त्याला नाही म्हणता येईना. एकेक पायरी मोजत चढला. भिंतीवर पोचला, आढ्याला धरून बसला आणि मापाची टेप काढली. धाकट्याने शिडी उचलली. कचेरीत फाइल काढावी तशी अलगद उचलली.

"अहो काका, शिडी!"

"फिकर नॉट," धाकटा म्हणाला.

फिकर नॉटने खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी आढ्याला मिठी मारली. चेहरा चुन्यासारखा झाला. "काका, मस्करी नको. मला उंचीची भीती वाटते!"

"छपराचा ठेकेदार तू!"

"म्हणून तर माणसं ठेवतो, काका!"

भिंत ती केवढी, माझ्या डोक्यावर हातभर. पण ज्याला भीती वाटते त्याला भिंत काय आणि डोंगर काय. मला त्याची दया आली. मी शिडीकडे गेलो, तर ही म्हणाली, "हात लावाल तर बघा." मी परत बाकावर बसलो.

धाकट्याने त्याला नीट समजावलं. "हे बघ, ढग आलेत. पाऊस आला, तर आम्ही भिजू आणि तूही भिजशील. आता तुझं-आमचं छप्पर एकच आहे. लवकर घातलेलं तुझ्याच फायद्याचं."

मग त्याने वरूनच फोन काढला. सगळा गाव ऐकेल अशा आवाजात कोणाकोणाला बोलला. काय करतो बिचारा, आमचे पैसे त्याने आधीच्या कुणाच्या अडकलेल्या छपराला लावले होते, त्याचे त्याआधीच्याला. एक पंक्चर काढायला दुसऱ्या ट्यूबचा तुकडा कापायचा आणि मग ती दुसरी पंक्चर, असा धंदा. दुकानात असे पोरकट मालक मी पुष्कळ पाहिलेत. शेवटी त्याने मेव्हण्याला फोन लावला आणि त्याच्या नावावर पत्रे उचलले. मेव्हणा काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण फिकर नॉट "हो, हो, बहिणीची शपथ" म्हणत होता.

उन्हं वाढली. हिने बादलीत चहाचा थर्मास आणि पाण्याची बाटली ठेवली, धाकटीने दोरी टाकली. मी सावलीसाठी माझी छत्री पाठवली. असा तो भिंतीवर छत्री उघडून, आढ्याला मिठी मारून, चहा पीत बसला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. काहींनी त्याला ओळखलंही. एक म्हातारबा तर कुंपणाशी येऊन, "उतरवू नका हो, माझंही दार राहिलंय याच्याकडे," असं म्हणून गेले.

दुपारी टेम्पो आला. लाल पत्रे, दोन्ही घरांचे. लांब्याने वर बघून मालकाला विचारलं, "शेट, तुम्ही वर? तब्येत बरी आहे ना?"

पहिला पत्रा वाशावर बसला, तेव्हाच शिडी लावली. लांब्याने त्याला पोत्यासारखा खांद्यावर घेऊन उतरवला. खाली आल्यावर त्याने आधी जमिनीला हात लावला, मग मला म्हणाला, "काका, तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं."

मला अतिशय वाईट वाटलं. आणि थोडं छानही वाटलं.

बुधवार, २४ मे

छप्पर झालं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल, मध्ये कुठे जोड दिसत नाही. आढ्यावर एकच अखंड टोपी आहे. काल पाऊस झाला, अख्ख्या घरात एक थेंब नाही. आवाज मात्र असा की बोललेलं ऐकू येत नाही. मी आणि धाकटा पुढच्या पायरीवर बसून पाऊस बघत होतो आणि एकमेकांना "काय?", "काय?" असं ओरडून विचारत होतो. काही बोलायचं राहिलंय असं वाटत होतं, पण पावसात ते राहूनच गेलं. बरंच झालं.

भिंतीवरच्या फळ्या अजून ठोकायच्या आहेत. लांब्या विचारत होता. धाकटा म्हणाला, बघू. मी म्हणालो, घाई काय आहे.

आज संध्याकाळी मी हिला समोर बसवून नीट समजावलं. म्हटलं, "हे बघ, आम्हा भावांचं तर आता जमलं. पण तुम्हा जावांचंही जमायला हवं. एकदम जमणार नाही, मला कळतं. इतक्या वर्षांचा अबोला आहे. पण तू मोठी आहेस, तू पुढाकार घे. सुरुवात छोट्या गोष्टीने कर. उद्या सकाळी मागच्या अंगणात दिसली, तर नुसतं विचार, कशी आहेस. जास्त काही नको. ती काय बोलते ते बघ. स्वभावाने वाईट नसावी."

हिने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"प्रयत्न करीन," म्हणाली. "पण तिला आवडतं काय, काय बोलावं तिच्याशी, काहीच माहीत नाही हो मला."

मी म्हटलं, "येईल हळूहळू."

पलीकडे धाकटीला कसला ठसका लागला कोण जाणे. धाकटा घाबरून "पाणी आणू का, पाणी आणू का" विचारत होता, आणि ती काही थांबेना.